वायफायला पासवर्ड आहे. आतल्या कॉम्प्युटरचं काय?

मनीषनगरात राहणाऱ्या आणि घरूनच हिशेबाची कामं करणाऱ्या एका गृहस्थांनी तीन प्रश्न विचारले आहेत. लोक वायफायवरचे आपले कॉम्प्युटर खरंच कितपत सांभाळतात? वायफायला पासवर्ड असला की काम भागतं का? आणि नवा राउटर, म्हणजे घरभर वायफाय देणारा डबा, घेण्यात काही अर्थ आहे का? नागपुरात घरं, दवाखाने, दुकानं आणि छोट्या ऑफिसांची नेटवर्क लावून देणं आणि बिघडली की दुरुस्त करणं हाच माझा धंदा, तेव्हा उत्तर जरा लांबेल.

आधी मत सांगून टाकतो. राउटर आणि कॉम्प्युटर यांच्यामधला, हवेतून जाणारा भाग लोकांना वाटतो त्यापेक्षा बरा आहे. खुद्द राउटर आणि त्याच्यामागचे कॉम्प्युटर मात्र लोकांना वाटतात त्यापेक्षा पुष्कळ वाईट अवस्थेत आहेत. हवेतला भाग सुधारला त्याचं श्रेयही लोकांचं नाही. गेल्या वीस वर्षांत जी सुरक्षा डब्यातूनच तयार होऊन आली ती टिकली. जी माणसाने हाताने करायची होती ती तेव्हा होत नव्हती, आजही होत नाही.

२००७-०८ च्या सुमाराला मांडीवर लॅपटॉप उघडा ठेवून धरमपेठेतून सदरपर्यंत गाडीने गेलं की वाटेत उघडी वायफाय ओळीने दिसत. नाव कंपनीने घातलेलं तेच, पासवर्ड नाही. शेजाऱ्यानं जरा वापरलं तर काय बिघडलं, असा उदार हिशेब. तो मोडला २००८ साली. २६ जुलैला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले, त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना एक ई-मेल गेला होता. त्याचा माग काढत पोलीस नवी मुंबईत सानपाड्याच्या एका फ्लॅटवर पोचले. तिथे राहत होता एक अमेरिकन नागरिक, आणि त्याचं वायफाय भलत्यानेच वापरलं होतं. सप्टेंबरातल्या दिल्लीच्या स्फोटांचा ई-मेल चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरून गेला. २००९ च्या जानेवारीत मुंबई पोलीस उघडी वायफाय शोधायला रस्त्यावर उतरले. त्या काळात मला येणाऱ्या फोनांचा सूर एकच असे: ‘भाऊ, पोलीस घरी येतील का? तेवढा पासवर्ड टाकून द्या.’

टाकलेले ते पासवर्ड बहुतेक डब्ल्यूईपी या, वायफाय कुलूपबंद करायच्या जुन्या पद्धतीचे होते. ही पद्धत १९९७ ची. तिच्यातला मुळातला दोष फ्लुरर, मँटिन आणि शमीर या तीन संशोधकांनी २००१ मध्येच दाखवला होता. २००७ मध्ये जर्मनीतल्या डार्मस्टाटच्या संशोधकांनी ती मिनिटाभरात फोडण्याची रीत प्रसिद्ध केली. म्हणजे २००९ मध्ये लोकांनी घाईघाईने जे कुलूप लावलं ते आधीच निकामी झालेलं होतं. डब्ल्यूपीए२ ही नवी पद्धत २००४ पासून होती, २००६ पासून प्रमाणित उपकरणांना ती सक्तीची होती, म्हणजे बहुतेकांच्या राउटरमध्ये ती होतीच. यादीतला एक पर्याय बदलायचा होता. कोणी बदलला नाही. पुढे नेटवाल्यांचे नवे डबे आले, डब्ल्यूपीए२ आतून चालू करूनच आले, तळाला स्टिकरवर पासवर्ड छापलेला. जुने डबे भंगारात गेले आणि कोणी काही न करता शहर सुरक्षित झालं. आज त्याच रस्त्याने गेलात तर जवळपास प्रत्येक नावापुढे कुलपाची खूण दिसते. अपवाद अजून सापडतात ते इतवारी-गांधीबागेकडच्या जुन्या गोदामांत. बारकोड वाचायची जुनी बंदूक किंवा जुना प्रिंटर नव्या पद्धतीला जोडला जात नाही, म्हणून अख्खं नेटवर्क जुन्या पद्धतीवर ठेवलेलं असतं. त्या एका बंदुकीपायी दुकानाचा सगळा हिशेब उघडा. अशा वेळी बंदूक बदला, असंच मी सांगतो.

आता पासवर्डाकडे येऊ, कारण तो कुठला ठेवायचा हे काम पुन्हा माणसाकडे आहे.

डब्ल्यूपीए२ मध्ये फोन राउटरला जोडला जातो तेव्हा दोघांमध्ये चार निरोपांची एक देवाणघेवाण होते. तिला हँडशेक म्हणतात. पासवर्ड त्यात उघडपणे जात नाही. पण बाहेर रस्त्यावर बसलेला माणूस ती देवाणघेवाण टिपून घरी नेऊ शकतो आणि निवांत एकेक पासवर्ड लावून जुळतो का ते पाहू शकतो. तुमचा राउटर त्याला अडवू शकत नाही, कारण हे सगळं राउटरपासून दूर, त्याच्या कॉम्प्युटरवर चाललेलं असतं. त्याचा वेग कमी करायला एकेका पासवर्डामागे ४,०९६ फेऱ्यांचं गणित ठेवलेलं आहे. तरीही गेमिंगसाठी घेतलेलं एखादं चांगलं ग्राफिक कार्ड सेकंदाला १० लाखांच्या आसपास पासवर्ड तपासतं.

नागपुरात (आणि मला खात्री आहे, बाकी महाराष्ट्रातही) वायफायचा सर्वांत लोकप्रिय पासवर्ड म्हणजे घरातल्या कर्त्या माणसाचा मोबाइल नंबर. नेटवाला मुलगा जोडणी करायला येतो, ‘काका, पासवर्ड काय ठेवू?’ विचारतो, काका म्हणतात, ‘माझा नंबरच ठेव ना, लक्षात राहते.’ आपल्याकडचे मोबाइल नंबर १० आकडी, सुरुवात ६, ७, ८ किंवा ९ ने. सगळे मिळून झाले ४०० कोटी. सेकंदाला १० लाख या वेगाने सगळे तपासायला ४,००० सेकंद लागतात, म्हणजे तास-सव्वातास. जन्मतारीख ठेवली असेल तर गेल्या १०० वर्षांतल्या सगळ्या तारखा मिळून ३६,५२५ होतात. त्यांना सेकंदसुद्धा लागत नाही.

दुकानांचं तर याहून सोपं. सीताबर्डीवर कित्येक दुकानांत जो नंबर पाटीवर रंगवलेला असतो तोच वायफायचा पासवर्ड असतो. तिथे ग्राफिक कार्ड लागत नाही, वर मान करून वाचता आलं की झालं. घरांमध्ये नेटवर्कचं नाव आडनाव आणि फ्लॅट नंबर असं ठेवलेलं असतं, म्हणजे कोणाचा नंबर लावून बघायचा तेही आपणच सांगतो.

चांगला पासवर्ड म्हणजे अक्षरांच्या जागी आकडे आणि चिन्हं कोंबलेला शब्द, अशी समजूत आहे. ती सोडा. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द घ्या. ते मनाने निवडू नका, डोळे मिटून शब्दकोशात बोट ठेवा किंवा फासे टाका, कारण मनाने निवडलेले शब्द शेवटी देवाचे, मुलांचे नाहीतर गावाचेच निघतात. फाशांनी निवडायच्या यादीत ७,७७६ शब्द असतात. चार शब्दांच्या जोड्या होतात साधारण ३६ लाख ५६ हजार अब्ज, आणि तेच कार्ड त्या सगळ्या तपासायला ११६ वर्षं घेईल. पाच शब्द घेतले तर विषयच संपला. पासवर्ड ६३ अक्षरांपर्यंत चालतो, रोमन लिपीत मराठी शब्द खुशाल टाका. आणि तो कागदावर लिहून घरात ठेवायला काही हरकत नाही. तुमचं वायफाय फोडणारा तुमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर वाचायला येत नसतो.

मोबाइल नंबरापेक्षा मोठी गळती मात्र वाटलेल्या पासवर्डाची असते. घरी आलेला प्रत्येक पाहुणा, वरच्या मजल्यावरचे भाडेकरू, शिकवणीला येणारी मुलं, मागच्या वर्षी सोडून गेलेला हिशेबनीस, सगळ्यांच्या फोनमध्ये तो बसलेला असतो. शंकरनगर, लक्ष्मीनगर भागात मुलांना राहायला दिलेल्या कित्येक घरांत तो जिन्याच्या भिंतीवर लिहिलेला असतो आणि मुलं बदलली तरी तो बदलत नाही. डब्ल्यूपीए२ मधली एक गोष्ट लोकांना ठाऊक नसते: ज्याला पासवर्ड माहीत आहे आणि ज्याने तुमच्या उपकरणाची ती सुरुवातीची देवाणघेवाण टिपली आहे, त्याला वायफायच्या पातळीवरचा तुमचा सगळा व्यवहार उलगडता येतो. एकाच पासवर्डावरची तीस मुलं एकमेकांपासून तेवढी सुरक्षित नसतात जेवढी रस्त्यावरच्या माणसापासून असतात. २०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए३ ने हे दोन्ही प्रश्न सोडवले. टिपून घरी नेऊन तपासण्याची सोय गेली, आणि पासवर्ड माहीत असूनही दुसऱ्याचं उलगडता येत नाही. २०१९ मध्ये तिच्यातही काही दोष निघाले, ते दुरुस्त झाले. राउटरमध्ये पर्याय असेल तर ती लावा. जुने फोन जोडायचे असतील तर दोन्ही एकत्र चालवायची सोय असते, तीही चालेल.

या सगळ्यापेक्षा मला जास्त काळजी वाटते ती राउटरच्या दुसऱ्या पासवर्डाची. राउटरला दोन पासवर्ड असतात हेच पुष्कळांना माहीत नसतं. एक वायफायचा. दुसरा राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायचा, १९२.१६८.१.१ किंवा तसला पत्ता ब्राउझरात टाकला की जो मागितला जातो तो. बहुतेक ठिकाणी नाव ‘अ‍ॅडमिन’ आणि पासवर्डही ‘अ‍ॅडमिन’. नाहीतर त्या भागातल्या जोडणीवाल्याने आपल्या सोयीसाठी सगळ्या गिऱ्हाइकांना लावलेला एकच. एका कॉलनीतला एक डबा उघडला की अख्खी कॉलनी उघडते.

आत शिरलेला माणूस काय करतो? नेट बंद पाडत नाही, तसं केलं तर तुम्ही मला बोलावाल. तो डीएनएस बदलतो. तुम्ही बँकेचं नाव टाइप करता तेव्हा त्या नावाचा पत्ता कोणाला विचारायचा, हे राउटर ठरवतो. ती जागा बदलली की घरातला प्रत्येक कॉम्प्युटर आणि फोन चुकीच्या माणसाला पत्ता विचारू लागतो. यात एकच अडसर उरतो: बनावट बँकेच्या पानावर ब्राउझर लाल इशारा देतो. आणि आपली माणसं तो इशारा बाजूला सारून पुढे जातात, कारण ऑफिसातल्या जुन्या कॅमेऱ्याचं आणि खुद्द राउटरचं पान उघडतानाही तसाच इशारा येतो आणि तिथे ‘काही नाही होत, पुढे जा’ असं कोणीतरी शिकवलेलं असतं.

राउटरमध्ये डब्ल्यूपीएस नावाची आणखी एक सोय असते, पासवर्ड न टाकता ८ आकडी पिनवर जोडायची. आठ आकडे म्हणजे १० कोटी शक्यता वाटतात. पण शेवटचा आकडा नुसता पडताळ्याचा, आणि राउटर पिनचे दोन तुकडे वेगवेगळे तपासतो. पहिल्या चार आकड्यांच्या १०,००० शक्यता आणि पुढच्या तिघांच्या १,०००, मिळून ११,०००. २०११ च्या डिसेंबरात स्टेफान फीबॉक या संशोधकाने हे उघड केलं. पिन एकदा मिळाली की राउटर स्वतःच पासवर्ड सांगतो, तो कितीही लांब असो. नव्या राउटरांनी चुकीच्या पिनांवर मर्यादा घातली, पण जुने डबे अजून पुष्कळ घरांत चालू आहेत. ही सोय बंद करून टाका. बंद करून कोणाचं काही अडलेलं मी पाहिलेलं नाही.

राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर, हा तर अनाथ विषय. २०१७ च्या ऑक्टोबरात बेल्जियमच्या माथी वानहूफ या संशोधकाने डब्ल्यूपीए२ च्या त्या चार निरोपांच्या देवाणघेवाणीतलाच दोष दाखवला, मोठा गाजावाजा झाला. लॅपटॉपना आणि चालू फोनना आपोआप दुरुस्ती मिळाली. २०२१ मध्ये त्यानेच आणखी काही दोष काढले, तेव्हाही तसंच. राउटर मात्र जसे होते तसे राहिले, कारण त्यांना दुरुस्ती घालायला कोणीतरी सेटिंगमध्ये शिरून एक बटण दाबावं लागतं. ‘नेट चालू हाय ना, मंग कायले हात लावता?’ हा प्रश्न मला इतक्या वेळा ऐकायला मिळतो, की त्याचं उत्तर आता मी देत नाही, बटण दाबतो.

इथे नागपूरची एक खास अडचण. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतं आणि राउटर टीव्हीच्या बंद कपाटात सेट-टॉप बॉक्सवर ठेवलेला असतो. तो तापतो, नेट अडकतं. बंद करून पुन्हा चालू करण्याऐवजी घरातला एखादा हुशार मुलगा मागच्या छिद्रात टाचणी घालून धरतो. नेट सुरू होतं, सगळे खूष. पण टाचणीने राउटर कारखान्यातून निघाला तेव्हा जसा होता तसा झालेला असतो: अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन परत, डब्ल्यूपीएस परत, पाहुण्यांचं वेगळं नेटवर्क गेलं. मी हिवाळ्यात केलेलं काम उन्हाळ्यात असं पुसलं जातं. म्हणून राउटर कपाटाबाहेर, हवा लागेल असा ठेवा. हा सल्ला मी सुरक्षेचा म्हणूनच देतो.

आणि आता खुद्द कॉम्प्युटर.

धंतोली-रामदासपेठेत दवाखान्यांची दाटी आहे. तिथलं एक ठरलेलं चित्र सांगतो, कुठल्या एका दवाखान्याचं नव्हे. बाहेर बसलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांना वायफाय दिलेलं असतं. चांगली गोष्ट. पण त्याच वायफायवर रिसेप्शनचा कॉम्प्युटर, बिलांचा प्रिंटर, कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डीव्हीआर आणि एक्स-रेच्या प्रतिमा ठेवणारं यंत्र असतं. त्या यंत्रावर विंडोज ७, ज्याची दुरुस्ती १४ जानेवारी २०२० ला थांबली. डॉक्टरांना आतल्या खोलीतून प्रतिमा दिसाव्यात म्हणून अख्खी ड्राइव्ह शेअर केलेली, ‘एव्हरीवन, फुल कंट्रोल’. म्हणजे बाकावर बसून पुतण्याच्या फोनवर क्रिकेट पाहणाऱ्या माणसाला सगळ्या रुग्णांच्या फाइली वाचताच काय, पुसताही येतात. सीएंच्या ऑफिसात हेच चित्र टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या फोल्डरबाबत दिसतं. वायफायला पासवर्ड आहे ना, हे समाधान दोन्हीकडे.

मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो अशाच वाटेने. त्याला कोणी फाइल उघडायची गरज नव्हती, एका कॉम्प्युटरात शिरला की त्याच नेटवर्कवरच्या दुसऱ्यात आपोआप उडी मारत होता, विंडोजच्या फाइल शेअरिंगच्या जुन्या पद्धतीतल्या दोषावरून. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती, दोन महिने आधी. नंतर विंडोजने ती जुनी पद्धत बंद ठेवूनच द्यायला सुरुवात केली. पण जुन्या झेरॉक्स मशीनवरून स्कॅन केलेला कागद कॉम्प्युटरच्या फोल्डरात जात नाही अशी तक्रार आली, की दुरुस्तीवाला ती पद्धत पुन्हा चालू करून जातो. मशीन चालतं, तो पैसे घेतो, आणि २०१७ चं दार पुन्हा उघडं राहतं. माझ्या धंद्यातल्या लोकांबद्दल बोलायचं तर आमची ही सवय ग्राहकाच्या निष्काळजीपणापेक्षा जास्त नुकसान करते.

विंडोज नव्या वायफायला जोडलं की नेटवर्क पब्लिक ठेवायचं की प्रायव्हेट, हे ठरवता येतं. पब्लिक ठेवलं तर फाइल शेअरिंग बंद राहतं आणि तुमचा कॉम्प्युटर शेजाऱ्यांना दिसत नाही. लोक घरचं नेटवर्क प्रायव्हेट ठेवतात, समजण्यासारखं आहे. पण हॉटेलात, स्टेशनवर, क्लायंटच्या ऑफिसातही तसंच उत्तर देतात, कारण ‘हो’ हे बटण हाताशी असतं. घरी एकच लॅपटॉप असेल आणि फाइली कोणाशी वाटायच्या नसतील, तर घरीसुद्धा पब्लिकच ठेवा. हा बदल फुकट आहे, एकदाच करायचा आहे आणि पुढे आपोआप टिकतो. विंडोज १० ची सर्वसाधारण दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, तेव्हा हिशेबाचा कॉम्प्युटर अजून त्यावर असेल तर वायफायच्या पासवर्डाआधी तिकडे लक्ष द्या.

सार्वजनिक वायफायबद्दल लोकांना नको तितकी भीती आहे. रेल्वे स्टेशनवर वायफाय वापरलं आणि खातं रिकामं झालं, असे संदेश फिरत असतात. २०१० मध्ये ती भीती खरी होती. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात फायरशीप नावाचं एक साधन निघालं, त्याने एकाच उघड्या वायफायवरच्या दुसऱ्या माणसाचं फेसबुक खातं दोन क्लिकांत उघडत असे, कारण तेव्हा बहुतेक साइट लॉगिन झाल्यावरचा व्यवहार उघडाच पाठवत. नंतर साइटशी होणारा व्यवहार कुलूपबंद करणारं एचटीटीपीएस सगळीकडे आलं. २०१५ च्या अखेरीस लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेने त्याची प्रमाणपत्रं फुकट वाटायला सुरुवात केल्यावर तर छोट्या साइटही त्यावर आल्या. आज नागपूर स्टेशनवर बसून बँकेचं अ‍ॅप उघडलं तर शेजारच्या बाकावरच्याला तुम्ही कुठल्या बँकेशी बोलता एवढं कळेल, काय बोलता ते कळणार नाही. इथेही सुधारणा झाली ती प्रवाशांनी काही शिकल्यामुळे नव्हे.

तिथे सांभाळायचं ते वेगळंच. स्टेशनच्या वायफायचंच नाव देऊन कोणीही आपलं वायफाय सुरू करू शकतो, आणि तुमचा फोन नाव ओळखून आपणहून जोडला जातो. मग लॉगिनच्या पानावर ई-मेलचा पासवर्ड किंवा कार्डाचा नंबर मागितला, किंवा एखादं अ‍ॅप उतरवायला सांगितलं, तर तिथेच थांबा. मोबाइल नंबर आणि ओटीपी एवढ्यावर भागत असेल तर ठीक, आणि तो ओटीपीचा संदेश कशासाठी आला आहे तेही वाचा. सार्वजनिक वायफाय वापरून झालं की फोनच्या सेटिंगमध्ये ते नेटवर्क ‘विसरा’ करून टाका. व्हीपीएन, म्हणजे आपला सगळा व्यवहार गुंडाळून दुसऱ्याच्या सर्व्हरवरून पाठवणारं अ‍ॅप, घ्यावं का, असं पुष्कळ जण विचारतात. ऑफिसने दिलेलं असेल तर वापरा. नुसत्या भीतीपोटी फुकटातलं व्हीपीएन घेणं म्हणजे अनोळखी वायफायवाल्यावर विश्वास नको म्हणून अनोळखी अ‍ॅपवाल्यावर ठेवणं.

लोकांचे पैसे जातात ते जवळपास नेहमी दुसऱ्या वाटेने: लग्नपत्रिका किंवा आरटीओचं चलन म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी, फाइल, वीज कापली जाईल असा फोन, स्क्रीन शेअर करायला लावणारा ‘बँक अधिकारी’. त्याला वायफाय लागत नाही. असं झालं तर लगेच १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करा, इथे तासातासाने फरक पडतो.

काही उपाय मला नेटाने सांगितले जातात, त्यांचा उपयोग नाही. नेटवर्कचं नाव लपवणं हा एक. ज्याच्याकडे साधंसं फुकट साधन आहे त्याला ते दिसतंच, उलट तुमचा लॅपटॉप जाईल तिथे ‘ते लपलेलं नेटवर्क इथे आहे का’ म्हणून विचारत फिरतो. प्रत्येक उपकरणाला असलेला पत्ता पाहून ठरावीक उपकरणांनाच प्रवेश देणं हा दुसरा. उपकरणाचा तो पत्ता हवेत उघडा जातो, नक्कल करायला क्षणभर लागतो, आणि हल्लीचे फोन स्वतःच पत्ता बदलतात, त्यामुळे चोर आत आणि मावशींचा फोन बाहेर अशी गत होते. ‘आमच्याजवळ काय हाय चोरायले?’ हे त्या उपायांसारखंच नेहमीचं वाक्य. २०१६ मध्ये मिराई नावाच्या, आपणहून पसरणाऱ्या व्हायरसने जगभरचे कॅमेरे आणि राउटर कारखान्याचेच पासवर्ड लावून ताब्यात घेतले आणि त्यांच्याकरवी मोठमोठ्या साइटांवर हल्ला केला. त्या घरांतलं काही चोरलं नव्हतं. त्याला त्यांचं नेट हवं होतं, सानपाड्याच्या त्या फ्लॅटमधलं हवं होतं तसं.

तुमच्याकडे येऊन मी काय करीन, ते सांगतो. राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड बदलून कागदावर लिहून राउटरच्याच खाली चिकटवीन. घराबाहेरून सेटिंग उघडायची सोय आणि डब्ल्यूपीएस बंद. फर्मवेअर नवं, आणि आपोआप घ्यायचा पर्याय असेल तर तो चालू. पाहुण्यांसाठीचं वेगळं गेस्ट नेटवर्क सुरू करून पाहुणे, टीव्ही आणि कॅमेरा त्यावर टाकीन, तुमचा कामाचा लॅपटॉप एकटा मुख्य नेटवर्कवर. लॅपटॉपवर शेअर केलेली फोल्डरं काढून नेटवर्क पब्लिक. आणि टॅलीचा बॅकअप एका डिस्कवर, जी बॅकअप झाल्यावर काढून ड्रॉवरमध्ये जाईल. जोडून ठेवलेल्या डिस्कला मी बॅकअप मानत नाही, कारण फाइली कुलूपबंद करणारा व्हायरस तिलाही सोडत नाही. हे सगळं तासाभराचं काम आहे. नंतर तुम्हाला रोज काही लक्षात ठेवावं लागत नाही, म्हणूनच ते टिकतं.

राहिला राउटर. तुमचा डबा नेटवाल्याने दिलेला असेल तर आधी त्याला विचारा, फर्मवेअर कोण बदलतं आणि डब्ल्यूपीए३ आहे का. त्याने स्वतःच ते दूरवरून सांभाळतो असं सांगितलं आणि सेटिंगचा पासवर्ड बदलायची मुभा दिली, तर नवा घेऊ नका. पासवर्ड बदलू देत नसेल किंवा डबा फार जुना असेल, तर स्वतःचा राउटर घेऊन त्याच्यामागे लावा आणि डब्याचं वायफाय बंद करून टाका. मॉडेल निवडताना अँटेना मोजू नका. डब्ल्यूपीए३ आहे का, गेस्ट नेटवर्क आहे का, दुरुस्ती आपोआप घेतो का आणि कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलची शेवटची दुरुस्ती कधी आली, एवढंच बघा. दोन-तीन वर्षांत काही आलं नसेल तर तो स्वस्त असला तरी सोडा. आणि जुना डबा कोणाला द्यायचा किंवा परत करायचा असेल, तर तेवढ्या एका वेळी त्याच्या छिद्रात टाचणी जरूर घाला, कारण तुमचे दोन्ही पासवर्ड अजून त्यात आहेत.